फुगण्यासाठी सहा मिलिमीटर

आई आपल्याच घरात पावणेतीन तास कोंडली गेली आणि दाराचा विषय ऐरणीवर आला. कोंडली म्हणजे, कुलूप नव्हतं, कडी काढलेली होती, बाहेर कुणी दबा धरून बसलेलं नव्हतं. दार फुगलं होतं, इतकंच. पावसाचे महिने आले की ते फुगायचंच. तेहेतीस वर्षं फुगत आलं होतं. फरक एवढाच की यंदा ते उघडायला बाबा नव्हते.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन जिना चढत होत्या, त्यांना आतून हाक ऐकू आली. आईनं आतून ओढायचं आणि काकूंनी बाहेरून ढकलायचं असा करार किल्लीच्या भोकातून झाला. दोघींनी तो एकाच क्षणी आणि मनापासून पाळला. दार उघडलं, आई चपलांच्या रॅकवर जाऊन बसली, काकू आईच्या मांडीवर, आणि भाजी दोघींवर. लागलं कुणालाच नाही. पण आपल्या मजल्यावर पोहोचेपर्यंत काकूंनी ही बातमी चौघांना सांगितली आणि पाचवा फोन परगावी दादाला केला.

"आई, आता बास," दादा म्हणाला. "पुढच्या महिनाअखेरीस मी येतोय. दार धड उघडलं तर ठीक, नाहीतर तुझी बॅग भरून तुला इकडे घेऊन येणार."

"माझी बॅग मी भरीन तेव्हा भरीन," असं म्हणून आईनं त्याचा फोन ठेवला आणि धाकटीला लावला. धाकटी सत्तेचाळीस वर्षांची होती, एका छापखान्यात मुद्रितं तपासायची, दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा तिला रीतसर पगार मिळायचा. पण घरात ती धाकटी ती धाकटीच. "मला कुठेही जायचं नाही," आई म्हणाली. "तू दाराचं काहीतरी कर."

काहीतरी करायचं म्हटल्यावर आधी सल्ले येतात. वरच्या काकूंनी मेणबत्ती घासायला सांगितली. तळमजल्यावरच्या काकांनी साबण सांगितला, आणि मेणबत्तीनं काय होतं यावर स्वतंत्र व्याख्यान दिलं. तिसऱ्या कुणीतरी दार उघडंच ठेवा म्हणून सुचवलं. धाकटीनं मेणही लावलं आणि साबणही लावला. त्यामुळे दाराला एक सुगंध आला. उघडलं मात्र नाही.

खरं तर या दाराचा एक मंत्र होता आणि तो बाबांना येत होता. मूठ वर उचलायची, डावा गुडघा खालच्या कोपऱ्याला लावायचा, उजवा खांदा द्यायचा. खर्रर्र, मग धप्प. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हा आवाज आला की घरात जो कुणी असेल तो जागेवरूनच ओरडायचा, "आले!" बघायला उठावं लागत नसे. तसा आवाज दुसऱ्या कुणालाच काढता आला नाही. दादानं कॉलेजात असताना एकदा प्रयत्न केला होता, तेव्हा मूठ त्याच्या हातात आली होती.

धाकटीनं सुतार बोलावला. सुतारानं दाराला टिचकी मारली, कान लावला, आणि डॉक्टरनं नातेवाइकांना बाजूला घ्यावं तसं तिला जिन्यात घेतलं.

"ताई, हे दार नाही, हे झाड आहे. कापून इतकी वर्षं झाली तरी त्याला कुणी सांगितलेलं नाही. हवेत ओल आली की पितं आणि सुटतं."

"मग तासून द्या."

"आणखी किती तासणार? तुमच्या वडिलांनी दरवर्षी तासलंय. आता कुलपाजवळ लाकूड नाही, नुसता धीर उरलाय. इंजिनिअर्ड लाकडाचं बसवा. ते फुगत नाही."

कारखाना शहराबाहेर होता. धाकटी एकटीच जाणार होती. पण आई साडी बदलून दारात, म्हणजे दाराबाहेर, तयार उभी होती. "माझ्या घराला काय लागणार ते मी बघणार," ती म्हणाली.

कारखान्यातल्या देखरेखीच्या बाई उत्साही होत्या. आधी त्यांनी भट्टी दाखवली, जिच्यात लाकूड हवा तेवढं कोरडं करतात. मग लहान लहान तुकडे, एरवी जळणात गेले असते असे. त्यांच्या टोकांना दाते पाडलेले. हाताची बोटं बोटांत अडकवावीत तसे ते एकमेकांत अडकवून, गोंद लावून लांब पट्ट्या होत होत्या. पट्ट्यांचा गाभा झाला. मग गाभ्यावर दोन्ही बाजूंनी लाकडाचे कागदासारखे पातळ थर.

"हा थर उभ्या रेषांचा, त्याच्यावरचा आडव्या," बाई म्हणाल्या. "एकाला रुंदीत फुगायचं असतं, दुसरा त्याला फुगू देत नाही. दुसऱ्याला लांबीत फुगायचं असतं, पहिला आडवा येतो. सगळे एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून दार वाकडं होत नाही."

"म्हणजे आमच्या इमारतीच्या कमिटीसारखं," आई म्हणाली. "सगळेच आडवे आल्यावर हलणार कोण?"

बाई मनापासून हसल्या आणि त्यांना आणखी जोर चढला. ही चळत गरम यंत्रात दाबतात, मग दार दोन दिवस नुसतं पडून राहू देतात, मग कडा कापतात, कडांना भरीव पट्टी लावतात म्हणजे कुलपाचे स्क्रू घट्ट बसतात, वर सागवानाचा पातळ थर. वाळवी लागत नाही. बिजागऱ्यांवर भार कमी. एका दारासाठी अख्खं झाड पाडावं लागत नाही. "आणि आवाज! बाहेरचा आत येत नाही, आणि दाराचा स्वतःचा तर काहीच नाही. एका बोटानं उघडतं. कोण आलं, कोण गेलं, पत्ता लागत नाही."

आई एवढा वेळ गाभ्याच्या पट्ट्यांवरून हात फिरवत होती. "यातलं खरं लाकूड कुठलं?" तिनं विचारलं.

"सगळंच खरं, आजी."

"पण एका झाडाचं नाही."

"नाही. पुष्कळ झाडांचं."

"करमत असेल मग," आई म्हणाली आणि पुढच्या यंत्राकडे गेली.

दार ठरलं. मापासाठी आमचा माणूस येईल, असं बाईंनी सांगितलं. इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. त्यांच्या घरात "साधारण" हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. दूध, कापड, मुलांची उंची, सगळं मोजून लिहिलं जाई, आणि बाबांनी मोजलेलं पुन्हा मोजणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं म्हणणं. तेव्हा मापवाला आला, त्यानं कमरेची टेप खर्रकन ओढली, आणि आईचा चेहरा बदलला.

"थांबा," ती म्हणाली. आतून मखमलीच्या पेटीतली बाबांची पोलादी पट्टी आली. टेप तिच्याशेजारी ठेवली गेली. टेपच्या टोकाचा पत्र्याचा आकडा आईनं बोटानं हलवून पाहिला. तो हलला.

"हे सैल आहे."

"आजी, तो आकडा हलतोच. मुद्दाम तसा केलेला असतो. आतून मोजताना एवढा सरकतो, बाहेरून मोजताना..."

"हलणाऱ्या मापानं माझ्या घरातलं काही मोजायचं नाही," आई म्हणाली. "धाकटे, वही आण."

धाकटीलाही मनातून हेच हवं होतं. बाबांची एक वहीच होती, नुसती या दाराची. शेवटच्या पानावर, कोरड्या हवेतली तारीख घालून, त्यांच्या सरळ अक्षरात उंची, रुंदी, जाडी. धाकटीनं आकडे दोनदा ताडून कागदावर उतरवले. दूरच्या नातेवाइकाचं लग्न मोडल्यावर माणूस जेवढा शांत राहतो तेवढ्या शांतपणे मापवाल्यानं तो कागद खिशात घातला. "मापाची जबाबदारी तुमची," तो जिन्यातून म्हणाला.

"आमचीच होती नेहमी," आई म्हणाली.

मग परवानगी. दर्शनी भागात काहीही बदल करायचा तर इमारतीच्या सेक्रेटरींकडे अर्ज. बाबांचं आणि सेक्रेटरींचं एक जुनं भांडण होतं. बाबांनी एकदा सेक्रेटरींची बाल्कनी मोजली होती आणि ती नकाशापेक्षा चार इंच पुढे निघाली होती. तेव्हापासून दोघांचं बोलणं होतं, पण लेखी.

सेक्रेटरींनी अर्ज वाचला. "दाराचा रंग?"

"तपकिरी."

"नियमात तपकिरीच आहे. पण कुठला तपकिरी?"

"नियमात जो असेल तो."

"नियमात नुसता तपकिरी आहे," सेक्रेटरी खिन्नपणे म्हणाले. हा प्रश्न बारा वर्षं अनिर्णित होता. ते पुढच्या रकान्याकडे वळले. "मालकाची सही?"

"मालक वारले." हे वाक्य धाकटीनं गेल्या सात महिन्यांत बँकेत, वीज कंपनीत, गॅसच्या ऑफिसात म्हटलं होतं. ते आता तिला शुद्धलेखनासकट पाठ झालं होतं.

"हो, ते ठाऊक आहे. मी आलो होतो की. पण घर अजून त्यांच्याच नावावर आहे. तेव्हा बदलाला त्यांची संमती लागेल."

"त्यांची."

"लेखी."

छापखान्यात असं वाक्य आलं असतं तर धाकटीनं समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं. इथे समास नव्हता. "नावबदलाला चार महिने लागतील," ती म्हणाली, "आणि दादा अठरा दिवसांनी येतोय. दार नसेल तर आईला घेऊन जाईल. तिला जायचं नाही."

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग उठले, कपाटातून एक फाईल काढली आणि तिची नाडी सोडत सोडत म्हणाले, "नाही म्हणायच्या आधी एकदा बघू. तुमच्या वडिलांची ही. आमच्याकडे एवढी जाड फाईल दुसऱ्या कुणाची नाही, पाण्याच्या टाकीचीसुद्धा नाही."

आत बावीस अर्ज होते. नियम झाल्यापासून दर वर्षाचा एक. विषय एकच: घर क्रमांक सहाचे मुख्य दार तासणेबाबत. दार दोन मिलिमीटरनं तासणं हाही दर्शनी भागातला बदलच, असा बाबांचा नियमाचा अर्थ होता आणि त्यांनी तो बावीस वर्षं पाळला होता.

"यातल्या एकालाही मी उत्तर दिलं नाही," सेक्रेटरी म्हणाले. "मला वाटायचं, मला चिडवायला लिहितात. शेवटचा तर मी उघडूनही पाहिला नव्हता."

त्यांनी पाकीट फाडलं, आतला अर्ज वाचला आणि धाकटीकडे दिला.

"यंदा दीड मिमी तासण्याचे योजिले आहे," बाबांनी लिहिलं होतं. "तसेच कळविण्यात येते की, हे दार उघडण्यास लागणारा जोर माझ्या पत्नीच्या हातात नाही, व माझ्या हातात तो किती काळ राहील याची खात्री देता येत नाही. सबब पुढेमागे तिने वा मुलांनी दार बदलण्याचे ठरविल्यास मालक म्हणून माझी आगाऊ संमती समजावी. दार कसले असावे याबाबत माझा आग्रह नाही. मात्र माप नीट घ्यावे."

सेक्रेटरींनी शिक्का मारला. तो नीट उमटला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारला. "आता दरवर्षी असा अर्ज येणार नाही," ते फाईलकडे बघत म्हणाले, आणि नाडी बांधायला त्यांना उगीचच फार वेळ लागला.

दार आलं ते दादा येण्याच्या आदल्या दिवशी. सुतारानं जुनं उतरवून जिन्यात भिंतीला टेकवलं. त्याला तीन माणसं लागली. नवं एकट्यानं उचललं. सुंदर होतं. गुळगुळीत, सरळ, नेमक्या तपकिरी रंगाचं. बिजागऱ्या बसल्या, दार लागलं, आणि सगळ्यांनी एकदमच पाहिलं: कुलपाच्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक लांबलचक उजेडाची पट्टी.

वरच्या काकूंनी बाहेरून त्या फटीला डोळा लावला. "अगं, मला तुमचं स्वयंपाकघर दिसतंय," त्या म्हणाल्या. "दूध बघ, वर येतंय."

धाकटी आत धावली. दूध उतरवून तिनं कारखान्यात फोन लावला आणि मुद्रितशोधकाच्या आवाजात चूक दाखवून दिली. तिकडच्या बाईंनी कागद काढला. आकडा नि आकडा वाचून दाखवला. "ताई, दार दिलेल्या मापाचंच आहे. हे माप चौकटीचं होतं का?"

"माझ्या वडिलांचं होतं," धाकटी म्हणाली.

मग ती वही घेऊन पलंगावर बसली आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं: पहिलं पान उघडलं. आयुष्यात तिनं एकही पुस्तक मधूनच वाचलं नव्हतं. पहिल्या पानावर बारीक अक्षरात होतं: "या वहीतील सर्व मापे तासलेल्या दाराची असून, फुगण्यासाठी सहा मिमी सोडून घेतलेली आहेत."

बाबांचं माप चुकलेलं नव्हतं. त्यांनी सहा मिलिमीटर पावसासाठी सोडले होते, आणि नवं दार कुठल्याही पावसात फुगणार नव्हतं. न फुगणाऱ्या दाराला फुगण्यासाठी जागा. ही चूक करायला वजनमापे खात्याचंच घराणं लागतं. धाकटीला आधी हसू आलं. मग तिनं वही मिटली.

"दादा उद्या सकाळी येतोय," ती बाहेर येऊन म्हणाली.

"फट म्हणजे काही आजार नाही," सुतार म्हणाला. "चौकटीला पट्टी मारतो. प्लॅस्टिकची आणू? टिकते."

आई जिन्यात गेली. तिथे टेकून ठेवलेल्या जुन्या दारावर तिनं तळहात ठेवला, कुलपाच्या बाजूला, जिथे ते बाबांच्या रंध्यानं पातळ झालं होतं. "याची काढा," ती म्हणाली.

"हे फुगेल, आजी."

"फुगू दे. केवढीशी पट्टी ती, फुगून फुगून किती फुगेल?"

सुतारानं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं आईकडे. मग करवत चालली, जिन्यात भुसा पडला, आणि काकूंनी दर्शनी भागात भुसा हा बदल धरतात का, असं सेक्रेटरींना खिडकीतून ओरडून विचारलं. त्यांनी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी दादा आला. दार त्यानं एका बोटानं उघडलं, एका बोटानं लावलं, असं नऊ वेळा केलं. कुलूप फिरवलं. चौकटीवरची गडद पट्टी पाहून त्याचा हात तिथे जरा रेंगाळला. रिकामी आणलेली मोठी बॅग तो तशीच घेऊन गेला. आईचा जीव भांड्यात पडला. इतकी भांडणं करून जिंकलेलं घर पुन्हा तिचं झालं.

त्यानंतर धाकटी दर रविवारी यायची. दार खरंच गुणी निघालं. करकर नाही, धप्प नाही, जिन्यातली आदळआपट आत येत नाही. एकदा ती स्वतःच्या किल्लीनं आत आली तर आई खुर्चीत पाठमोरी बसलेली. धाकटी अगदी मागे जाऊन उभी राहिली तरी तिला कळलं नाही. घड्याळात सहा वाजून गेले होते. आईची मान दाराच्या बाजूला किंचित कललेली होती, लांबच्या स्टेशनाची घोषणा ऐकावी तशी.

"आई."

आई दचकली. "चांगलं आहे गं दार," ती लगेच म्हणाली. "फारच चांगलं आहे. कुणी आल्याचं कळतच नाही."

धाकटीला यावर पुष्कळ वाक्यं सुचली. तिनं ती सगळी मनातल्या मनात खोडली आणि चहा टाकला.

वर्ष फिरून आलं. एका शुक्रवारी दुपारी, बाहेर तीन दिवसांची झड लागलेली असताना, छापखान्यात धाकटीचा फोन वाजला.

"दार अडकलं," आई म्हणाली.

धाकटी खुर्चीतून उठलीच. "आत आहेस की बाहेर? काकूंना हाक मार. मी निघते. सुताराला..."

"खबरदार सुताराला फोन केलास तर! आणि दादाला तर मुळीच नाही. अगं, जरासंच अडकतं. आतून एका हिसक्यात येतं, मी दोनदा खाली जाऊन आले. ती पट्टी आहे ना, ती फुगलीय. खालच्या कोपऱ्यात खिळ्यापाशी पुढे आलीय. मी मोजली."

"मोजलीस?"

"त्यांच्या पट्टीनं. एक मिलिमीटर. वहीत लिहून ठेवलंय, तारीख घालून. येताना मूठ वर उचलावी लागते. गुडघा लावावा लागतो. धाकटे, फोन कानाला ठेव. मी इथे स्टुलावर ठेवते आणि बाहेर जाऊन येते."

"आई, पडशील..."

पण फोन स्टुलावर गेला होता. पावलं लांब गेली. दार उघडलं, लागलं. मग घरात कुणीच नसल्याचा आवाज आला. घड्याळाचा आणि पावसाचा. धाकटीनं दुसरा कान हातानं झाकून घेतला.

खर्रर्र. मग धप्प.

"आले!" धाकटी म्हणाली. म्हणजे तिनं म्हटलं नाही, ते आपोआप आलं, आणि चांगलं मोठ्यानं आलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मुद्रितातून मान वर काढली, दाराकडे पाहिलं आणि मग धाकटीकडे.

"कोण आलं?"

फोनमध्ये आईची पावलं जवळ येत होती. धाकटीनं पदर डोळ्यांना लावला, आणि लावलाच आहे तर चष्माही पुसून घेतला.

"आमचं घरचं दार फुगलंय," ती म्हणाली.

"अरेरे! फार का?"

"नाही हो," धाकटी म्हणाली. "एकच मिलिमीटर."